आईच्या वतीने

बाबा उत्तर देण्याआधी खाकरतात. पौषातल्या सकाळी कोलकात्यात, डमडमच्या आमच्या घरावर धुकं इतकं दाट उतरतं की विमानतळावरची विमानंसुद्धा गप्प होतात, गल्लीतल्या सायकलरिक्षांचे भोंगे ओल्या कापडाआडून आल्यासारखे दबके ऐकू येतात, आणि त्या दुधाळ, निःशब्द उजेडात आतल्या खोलीतून तो आवाज येतो. आधी एक छोटा, घसा चाचपून पाहणारा. मग दुसरा भरदार, ज्याच्या मागोमाग वाक्य येणार हे ठरलेलं. गवई मैफलीआधी तंबोरा लावतो तसे माझे वडील आयुष्यभर आपला घसा लावत आले, आणि मी आयुष्यभर तो आवाज ऐकून दात आवळत आले. त्यांना आता एकोणऐंशीवं लागलं आहे, माझी पन्नाशी जवळ आली आहे, पण त्या खाकरण्याचा राग अजून ताजा आहे.

तो आवाज मी प्रथम ऐकला गार्डन रीचला, नदीकाठच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. गोदीचा भोंगा वाजायचा, हिवाळ्यातल्या उन्हाचा एक लांबट तुकडा जेवणाच्या टेबलावर येऊन पडायचा, आणि त्या उन्हात पांढऱ्याशुभ्र शर्टाची मनगटावरची बटणं लावत बाबा उत्तर द्यायचे. प्रश्न विचारलेला असायचा आईला. शेजारच्या बोसबाईंनी जिन्यात थांबून आईला विचारावं, पूजेच्या सुट्टीत कुठे जाणार, आणि बाबांनी खाकरून सांगावं, कुठेच नाही, हिला प्रवास झेपत नाही. दुकानदाराने साड्यांच्या घड्या उलगडून आईच्या तोंडाकडे पाहावं आणि बाबांनी खाकरून सांगावं, हिला फिकट रंग आवडतात. आई हसायची. ते हसू म्हणजे तिची संमती, असं मी फार वर्षं समजत होते. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत तळाशी घडीसुद्धा न मोडलेली एक गर्द राणी रंगाची साडी निघाली. कुणी दिली, कधी घेतली, हे मला आजवर कळलेलं नाही.

तसे बाबा देखणे. उंच, सरळ कण्याचे, लांब बोटांचे. वर्तमानपत्राच्या चार घड्या करून ते असं धरतात की पानाची सळसळसुद्धा शिस्तीत होते. त्यांनी कधी आईवर हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. मार्गशीर्षात बाजारात पहिली संत्री आली की एक पिशवी हमखास घरी यायची, आणि सोललेली पहिली फोड तिच्या हातावर ठेवली जायची. वाईट माणूस असते तर माझं काम सोपं झालं असतं. सभ्य माणसावर डूख धरून बसायचं म्हणजे फार चिकाटी लागते, आणि ती माझ्यात त्यांच्याचकडून आली आहे.

आईला बंद जागेची भीती होती. लहानपणी साताऱ्याच्या आजोळी लपाछपी खेळताना ती गोधड्यांच्या लाकडी पेटाऱ्यात लपली, वरून कडी पडली, आणि कुणीतरी शोधून काढेपर्यंत तिचा आवाज पार बसला होता. त्यानंतर तिने तोंडावर पांघरूण असं कधी घेतलं नाही. कोलकात्याच्या हिवाळ्यात आम्ही सगळे डोक्यावरून रजया ओढायचो तेव्हा तिचा चेहरा उघडा असायचा, नाकाचा शेंडा गार लाल. लिफ्ट आली की ती हळूच जिन्याकडे वळायची. लग्नानंतर ती पहिल्यांदा या शहराकडे निघाली तेव्हा गाडीत तिला वरचा बर्थ मिळाला. डब्याचं छत नाकावर आल्यासारखं होऊन ती घामाघूम झाली, आणि बाबांनी आपला खालचा बर्थ तिला देऊन तो सबंध प्रवास स्वतः वर काढला. ही गोष्ट ती मला कौतुकाने सांगायची. म्हणजे बाबांना माहीत होतं. निदान एके काळी होतं. पुढे ते विसरले की विसरल्यासारखं केलं, एवढं एकच मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यासाठी मी वीस वर्षं थांबले.

तिचा मोतीबिंदू वयाच्या मानाने लवकर पिकला. भाद्रपदातले दिवस होते, हवा चिकट, अंगणात प्राजक्त नुकता फुलायला लागलेला. नर्सिंग होमच्या छोट्या खोलीत डॉक्टरांनी आईकडे पाहून चांगल्या, सावकाश हिंदीत समजावलं होतं. डोळ्यात बधिर करणारे थेंब घालू, दुखणार नाही, तुम्ही जाग्या असाल. तोंडावर कापड असेल, डोळ्यापुरतं भोक असलेलं. हलायचं मात्र नाही. मग त्यांनी विचारलं, घुसमटतं का कधी? भीती वाटते? वाटत असेल तर शिरेतून थोडं औषध देता येतं, मन शांत राहतं. आईचे ओठ हलले. मी दाराशी उभी होते, मी ते हलताना पाहिले. आणि बाबा खाकरले. “शी इज अ ब्रेव्ह लेडी, डॉक्टर. नथिंग नीडेड.” आईला हिंदी येत होतं, बंगालीत तर ती पडवळवाल्याशी भांडायची आणि बोसबाईंशी तासन् तास दुःखं वाटून घ्यायची. इंग्रजी तेवढं तिला तोकडं होतं. डॉक्टरांनी कागदावर खूण केली. मी सव्वीस वर्षांची घोडी, मिळवती, मला तोंड होतं, आणि मी मूग गिळून उभी राहिले.

ती ओरडली तेव्हा मी आणि बाबा बाहेरच्या बाकावर होतो. आधी मराठीत, हवा येत नाही, काढा हे, काढा. मग कुणी समजत नाही असं तिला वाटलं असावं, कारण पुढचं बंगालीत आलं, “मुखटा खुले दिन,” तोंड उघडं करा. तो आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता. घरात वावरणाऱ्या बाईचा तो नव्हता, कडी लावलेल्या पेटाऱ्यातल्या मुलीचा होता. आतून कुणी दटावत होतं, हलू नका, हलू नका. बाबांच्या हातातल्या वर्तमानपत्राचं पान उलटलं. “होतं असं,” ते म्हणाले. ती हलली होती, त्यामुळे आत काहीतरी फाटलं, वेळ लांबला, आणि त्या डोळ्याला जेवढं दिसायला हवं होतं तेवढं पुढे कधी दिसलं नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, भाजी निवडताना, तिने मला एवढंच सांगितलं, “प्रकाश खूप होता गं. हवाच नव्हती.”

दुसरा डोळा तिने करू दिला नाही. नऊ वर्षं ती एका धूसर आणि एका अधिकच धूसर डोळ्याने जगली. दिवाळी अंक पोस्टाने यायचे ते तसेच वेष्टनात राहू लागले, सुईत दोरा मी ओवून द्यायची, आणि माणसं ती पावलांच्या आवाजावरून ओळखायला शिकली. बाबांनी तिला त्याबद्दल कधी रागावलं नाही. त्यांनी त्याचा विनोद केला. घरी मंडळी जमली, कुणी डोळ्याचं विचारलं, की ते हसून सांगायचे, “काय करणार, हिची पाचावर धारण बसते.” सगळे हसायचे. आईही हसायची. मग ती साध्या तापाचं निमित्त होऊन गेली, आणि तिच्याबद्दलच्या उरलेल्या प्रश्नांची उत्तरंही बाबाच देत राहिले. शेवट शांत झाला. काही मागणं नव्हतं तिचं. समाधानी होती. मी शेजारी उभं राहून हे ऐकायची, आणि मनातल्या मनात म्हणायची, थांबा. तुमचेही डोळे आहेत.

ते आले, डोळे. बाबांना चंद्र दोन दिसू लागले, मग दिव्यांभोवती कडी, मग जेवताना ताटातली मिठाची चिमूट सापडेना. गेल्या मार्गशीर्षात मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा त्यांची लांब बोटं काठीच्या मुठीवर अशी वळली होती की नखांखाली रक्त दिसत नव्हतं. डोळ्याला कुणी हात लावणार, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. साधे थेंब घालायलाही नर्सला तीनदा प्रयत्न करावा लागला. डॉक्टर तरुण मुलगी होती, आवाज मऊ, बंगाली हळूहळू बोलणारी. तिने सगळं मांडून सांगितलं. नुसते थेंब घालून करता येईल. डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन करता येईल. आणि भीती फार असेल तर भुलेचे डॉक्टर शिरेतून थोडं औषध देतील, तुम्ही अर्धवट जागे असाल, पण काळजी उरणार नाही. “आपनार की भय कोरे, दादू?” तिने विचारलं. भीती वाटते का, आजोबा?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना हवं होतं की कुणीतरी त्यांच्या वतीने बोलावं. त्यांच्या गढूळ डोळ्यांतून ती विनवणी स्पष्ट दिसत होती: तू सांग, मला बोलायला लावू नकोस. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, त्यांचंच. बाबा धीट आहेत, काही लागणार नाही. मी ते गिळलं, दयेने मुळीच नाही. मला याहून गोड काहीतरी दिसत होतं. मी गप्प बसले. डॉक्टरीण वाट पाहत राहिली, आणि त्यांचा घसा लागेचना. शेवटी ज्या भाषेत त्यांनी उभ्या आयुष्यात कारकुनांना हुकूम आणि टॅक्सीवाल्यांना पत्ते यांखेरीज काही सांगितलं नव्हतं, त्या भाषेत ते पुटपुटले, “आमार भय कोरे.” डॉक्टरीण पुढे आणखी काही समजावत होती, औषधाने नंतर काय होतं, काय होत नाही. माझं लक्ष नव्हतं. मी त्यांचा थरथरणारा हात पाहत होते आणि तो पाहताना मला फार बरं वाटत होतं. कागद पुढे आला तो मी न वाचता सही करून परत दिला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आधीच्या पेशंटला वेळ लागला. पडद्यामागच्या खाटेवर बाबा निजले होते, डोक्याला निळी टोपी, डाव्या भुवईच्या वर डोळा चुकू नये म्हणून काढलेली शाईची खूण, बोटाला नाडी मोजणारा चिमटा. भुलेच्या डॉक्टरांनी सुईतून थोडं औषध सोडलं, “एखोन एकटू घूम पाबे, दादू,” म्हणजे जराशी गुंगी येईल, असं म्हणून ते पडद्यापलीकडच्या पेशंटकडे वळले. बाबांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. इतक्या वर्षांत न पाहिलेला एक चेहरा खालून वर आला, शाळकरी, मोकळा, काहीही विचारावं आणि खरं सांगावं असा. मी त्यांच्या कानाशी वाकले.

“बाबा, आईला त्या दिवशी हे औषध का दिलं नाही?”

“गुरुवारी द्यायचे ते,” बाबा म्हणाले. आवाज स्वच्छ होता, घसा न लावता आलेला. “भुलेचा डॉक्टर गुरुवारीच यायचा तिथे. त्यांनी मला आधी सांगितलं होतं.”

“मग?”

“गुरुवारी माझी मीटिंग होती.”

मी विचारलं, कसली? “आठवत नाही गं,” म्हणाले.

“ती घाबरते हे माहीत होतं तुम्हाला?”

“न माहीत असायला काय झालं? गाडीत तिला माझा बर्थ दिला होता मी.” मग न विचारताच पुढचं आलं, “ती ओरडली ते मला सगळं ऐकू आलं. मी पेपर वाचत नव्हतो, शुभा. अक्षर दिसत नव्हतं मला.” खूण केलेल्या डोळ्यातून पाणी निघालं आणि निजलेलं असल्यामुळे कानाकडे उतरलं. “माझं चुकलं. तिला सांगशील?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या शब्दांसाठी मी इतकी वर्षं दात धरून होते ते शब्द पडले होते, माझ्यासमोर, मागितल्यासारखे. मला वाटलं, आता ते बाहेर येतील, शुद्धीवर येतील, आणि माझ्याकडे बघणं त्यांना जड जाईल. यापुढे या घरात ते मान खाली घालून वावरतील. एवढ्यात पडदा सरला, खाट हलली, आणि त्यांना आत नेलं.

तासाभराने बाबा चहात बिस्कीट बुडवत होते. “फर्स्ट क्लास,” ते म्हणाले, “सुई टोचली तेवढं आठवतंय, बस. मध्ये काही घडलंच नाही म्हण ना.” मी भुलेच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, या औषधाने तसंच होतं, बोलतात, उत्तरंही देतात, आणि नंतर त्यातलं बहुधा काही राहत नाही. तुम्हाला सांगितलं होतं, कागदावरही आहे. मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून स्वतःला शिव्या दिल्या. ज्या दिवशी ऐकायला हवं होतं त्या दिवशी मी त्यांच्या थरथरणाऱ्या हाताची मजा बघत होते. गुन्हेगाराने कबुली दिली होती, आणि तो हात झटकून, चहा पिऊन, गॉगल लावून माझ्याबरोबर घरी चालला होता.

त्यानंतरचे दिवस बाबांच्या आनंदाचे होते. एका डोळ्याला एकदम जग मिळालं. गच्चीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या, समोरच्या घराच्या हिरव्या झडपांवरचे पोपडे, विमानाच्या पोटावरची अक्षरं, सगळं ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मी माझ्या पोटात त्यांचे शब्द घेऊन फिरायची. सांगावं का? सांगितलं तर म्हणतील, गुंगीत माणूस काहीही बरळतो. खाकरतील, आणि तेवढ्यावर ते पुसून टाकतील. मी हातचं राखून गप्प राहिले.

संक्रांतीला आमच्याकडे मंडळी येतात, बदलीवर आलेली आणि इथलीच झालेली चारपाच मराठी कुटुंबं. तिळगुळात इथला खजुराचा गूळ पडतो, त्याचा धुरकट गोड वास घरभर असतो. बँकेतून निवृत्त झालेले जोगळेकर काका आणि काकू आले होते. काकूंना मोतीबिंदू आहे, तारीख जवळ आली आहे, आणि भीतीने त्यांच्या हातातली वडी तशीच राहिली होती. त्यांनी बाबांना विचारलं, तुम्ही काय घेतलंत, शुद्ध असते का, कळतं का काही. बाबांनी उत्साहाने सगळं सांगितलं. मग काकूंनी हळूच काकांकडे पाहिलं, आणि काका म्हणाले, “छे, हिला कशाला ते? हिला नुसते थेंब पुरतील.” बाबा मान डोलावून हसले, आणि खाकरले. “खरं म्हणजे आमच्या हिच्या वेळी हे निघालेलंच नव्हतं. नाहीतर बिचारीला इतका त्रास झाला नसता. हो ना गं, शुभा?”

माझ्या हातात तिळगुळाची ताटली होती, गोड बोला म्हणून फिरवत होते.

“काकू,” मी म्हणाले, “तुमचं तुम्ही सांगा डॉक्टरांना. काकांना विचारून सांगू नका.” आणि मग बाबांकडे वळून, अगदी हलक्या आवाजात, जसा तिचा असायचा, “होतं की, बाबा. आईच्या वेळीही होतं. गुरुवारी असायचं.”

खोलीत कुणाला काही कळलं नाही. काकूंनी वडी तोंडात टाकली, काका पंख्याकडे पाहू लागले. एकट्या बाबांचा चेहरा उतरला. बऱ्या झालेल्या त्या नव्या, लख्ख डोळ्याने ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि त्या नजरेत मी जे शोधत होते ते होतं, सगळं होतं, गाळ ढवळल्यावर वर यावं तसं.

मंडळी गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. संध्याकाळ व्हायची होती, पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप ओट्यावर आली होती. “तुला कोणी सांगितलं?” त्यांनी विचारलं. मी ताटल्या विसळत राहिले. “डॉक्टर तर केव्हाच गेले,” ते स्वतःशीच म्हणाले. मग ओट्याला हात टेकून, “तिला माहीत होतं?”

माझ्या हाती एक वाक्य होतं. तुम्हीच सांगितलंत, बाबा, पडद्यामागे, रडत. ते म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं की आपण माफी मागून मोकळे झालो. पाठीवरचं अर्धं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. मी नळ बंद केला, हात पुसले, आणि काही बोलले नाही. माझं गप्प राहणं त्यांना पुरलं. नऊ वर्षं, प्रत्येक जेवणाला समोर बसून, प्रत्येक विनोदाला हसून, तिला गुरुवार माहीत होता, असं ते त्या क्षणापासून धरून चालले आहेत. खरं काय ते मला ठाऊक नाही. बहुधा तिला काहीच माहीत नव्हतं. पण मी तिच्या तोंडी ते घातलं. आईच्या वतीने उत्तर देणारं या घरात आता दुसरं माणूस झालं आहे, आणि मला त्याची लाज वाटते, पण पुरेशी नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख माघात आली. तरुण डॉक्टरणीने कागद भरायला घेतला आणि मागच्यासारखंच करू ना, असं विचारलं. “ना,” बाबा म्हणाले, “शुधू ड्रॉप.” फक्त थेंब. ती थांबली, म्हणाली, दादू, मागे तुम्हाला भीती वाटत होती. “आजओ कोरे,” ते म्हणाले, आजही वाटते, आणि माझ्याकडे न बघता त्यांनी स्वतः सही केली.

मी बाहेरच्या बाकावर बसले. खोटं कशाला बोलू, मी कान लावून बसले होते. मला त्यांचं ओरडणं ऐकायचं होतं. बंद दाराआड तोंडावर कापड असेल, डोळ्यांत तो प्रकाश असेल, श्वास आपलाच आपल्याकडे परत येत असेल; आता ओरडतील, आता. आतून पाण्याची बारीक झुळझुळ, यंत्राची टिकटिक, डॉक्टरणीचं मऊ बंगाली. आवाज आला नाही. ते बाहेर आले तेव्हा टोपीखालचे केस घामाने चिकटले होते आणि दोन्ही तळव्यांवर नखांच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. आत काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, आजवर सांगितलेलं नाही. चहा दिला तो प्यायले. टॅक्सीत खिडकीबाहेर बघत बसले. फाल्गुन तोंडावर आला होता, शिमुलाची, म्हणजे आपल्या सावरीची, झाडं लाल व्हायला लागली होती, आणि त्यांना आता प्रत्येक फूल वेगळं दिसत असणार.

वचपा निघाला, म्हणजे मला आनंद व्हायला हवा. झालाही, घरी पोचेपर्यंत टिकला. आता बाबा घरात हळू वावरतात. कुणी मला काही विचारलं तर माझ्या उत्तराची वाट पाहतात. कधी कधी संध्याकाळी ते माझ्याकडे बघत बसतात आणि मला कळतं, त्यांना पुन्हा विचारायचं आहे, तिला खरंच माहीत होतं का. आणि मला कळतं की मी सांगणार नाही. वर्षं जातात तशी आई माझ्या आठवणीत मऊ होत चालली आहे, तिचं ओरडणं विरत जातं आणि भाजी निवडणारे हात तेवढे उरतात. संत्र्याची फोड हातावर घेणारी ती, खालच्या बर्थची गोष्ट कौतुकाने सांगणारी ती. तिला विचारलं तर तिने त्यांना केव्हाच माफ केलं असेल, आणि म्हणूनच मी तिला विचारत नाही.